गळा साडेनऊ, छाती चौदा

कादराबाद प्लॉटमधल्या त्या दोन खोल्यांत
आधी शिलाई मशीन दिसलं,
मग मशीनखालची शेपूट.

शाहेदा आपा म्हणाल्या, बसा,
ब्लाऊजची एवढी बाही लावून घेते.
पायडल चालू झालं. त्यांच्या डाव्या पावलावर
हनुवटी टेकून ती पडलेली,
पाऊल खाली गेलं की खाली, वर आलं की वर,
डोळे अर्धे मिटून.

जिनिंगच्या गेटपाशी सापडली,
कापसाच्या गाडीखाली. मागचा पाय तेवढा वाकडा जुळला.
अशी सात लेकरं गेली या घरातून.
ही आठवी. नाव बटन.
मी म्हटलं, मी गुंडी म्हणेन.
त्या हसल्या. एकच की ओ.

मग दातानं दोरा तोडून
त्यांनी गळ्यातला टेप काढला
अन् तिचं माप घेतलं, सूट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं.
वहीत लिहिलं, सदऱ्या-परकरांच्या खाली:
गळा साडेनऊ. छाती चौदा. लांबी...
लांबीला ती थांबेना, त्यांचा कान चाटत राहिली.
अंदाजे अकरा.
थंडीला झबलं शिवून ठेवते,
दिवाळीनंतर घेऊन या. ट्रायलला.

दारापर्यंत आल्या नाहीत.
मी जिन्यात असताना मशीन पुन्हा सुरू झालं,
सुईखाली कापड नसलं की येतो
तसला आवाज, भरधाव.

सेलूच्या गाडीत पिशवी मांडीवर.
कंडक्टर ओळखीचा. मामा, पिशवीत काय हलायलंय?
बटन, म्हटलं.
त्यानं आत डोकावून पाहिलं, तिकीट एकच दिलं.
कोल्हा पाटीला ती जागी झाली,
पाटी वाचल्यासारखी बाहेर बघून
एकदाच भुंकली.

घरी आल्यावर पाच दिवस पलंगाखाली.
तीस वर्षं मी सेलूच्या स्टँडवर गाड्या पुकारल्या,
परभणी, पाथरी, जिंतूर, फलाट क्रमांक तीन.
रिटायर झालो, आवाज तेवढाच राहिला.
गुंडी, म्हणालो की ती अजून आत सरकायची,
जणू गाडी अंगावर यायलीय.
दुधात भाकर कुस्करून ठेवायचो.
रात्री खायची, मी झोपल्यावर.
मी झोपलेला नसायचो.

सहाव्या दिवशी आपांना फोन लावला.
मराठी कुठून येणार तिला, त्या म्हणाल्या,
आमच्या घरात वाढली. अन् तुम्ही ओरडून बोलता.
असं म्हणा...
मी म्हटलं. दार लावून म्हटलं,
शेजारच्या गव्हाणेला ऐकू जाऊ नये म्हणून:
आजा मेरी बटन, आजा, डरनेका नै.
माझ्या तोंडातून एवढा हळू आवाज
मीही पहिल्यांदाच ऐकला.

आधी नाक. मग वाकडा पाय.
मग माझ्या पावलावर हनुवटी, आणि वाट बघणं.
पाणी नको. बिस्कीट नको.
नुसती वर बघायली.
बऱ्याच वेळानं डोक्यात आलं.
टाच टेकवून चवडा उचलला. खाली केला. उचलला.
बातम्या संपल्या, लाईट गेली, पायाला मुंग्या आल्या.
थांबलो की एक डोळा उघडायची.

दिवाळी होऊन गेली.
काल बाजारातून दहा रुपयांचा टेप आणला.
गळा दहा. छाती साडेपंधरा.
फोनवर आपा केवढ्यानं ओरडल्या, चौदाचं शिवलं ना मी!
काय खाऊ घालायलात एवढं?
मग पलीकडं बराच वेळ काहीच नाही,
फक्त कात्री.
उसवायला घेतलं, म्हणाल्या. काळजी करू नका,
आत दोन इंच माया ठेवलीय.

रविवारी सव्वानऊची परभणी.
फलाट क्रमांक तीन, मी बटनच्या कानाशी पुकारून बघितलं,
अगदी हळू.